छताखालचं ऊन

१

धम्मरत्न मिस्त्रीला एक सवय होती. स्लॅबच्या खालचं सेंट्रिंग उतरलं, बल्ल्या-फळ्या बाहेर पडल्या, खोली एकदाची मोकळी झाली, की तो आत जाऊन मधोमध उभा राहायचा आणि एक टाळी वाजवायचा. नवी खोली घुमते. कोरं सिमेंट आवाज पोटात ठेवत नाही, परत करतं. त्या परत आलेल्या आवाजानं त्याला बरं वाटायचं. चार भिंती उभ्या आहेत, वर छत आहे, आपलं काम झालं, असं खोलीच सांगायची.

आर्णीत आणि आसपासच्या खेड्यांत त्यानं लोकांची घरं बांधली होती, शाळेच्या खोल्या बांधल्या होत्या. आपल्या वस्तीतला विहार त्यानंच उभा केला होता. पौर्णिमेला तिथं वंदना सुरू झाली की घुमटाखाली आवाज असा काही भरायचा, की लोक मागं वळून त्याच्याकडं पाहायचे. देवळंही बांधली होती त्यानं. देव तो मानत नव्हता, पण त्यावरून कुणाशी वाद घालायचाही त्याला कंटाळा. "देव कोणाचा बी असो," तो म्हणायचा, "ओळंबा तं एकच लागते."

खेमसिंग नायकाच्या तांड्यावर मंदिराचं सेंट्रिंग उतरलं त्या दिवशी तो सवयीनं गाभाऱ्यात गेला, मधोमध होता तसाच ठेवलेल्या देवीच्या पाषाणाच्या बाजूला उभा राहिला आणि त्यानं टाळी वाजवली.

टाळी घुमली नाही.

वाजली. पण माळावर वाजवावी तशी वाजली. आवाज हातातून सुटला आणि गेला तो गेलाच.

त्यानं पुन्हा वाजवली, जोरात. मग "ओऽ" केलं. दाराशी फळ्या रचत असलेला त्याचा धाकटा भाऊ अतुल हसायला लागला. "दादा, कानात कापूस भरला काय?"

धम्मरत्नही हसला. पण हसताना त्याचं लक्ष भिंतीकडं गेलं, आणि उगाचच त्यानं पुढं होऊन भिंतीला हात लावून पाहिला.

२

कापसाची गोष्ट अतुलनं काढली ती काही उगीच नव्हती. दोन हजार पाचचं साल सरत आलं होतं. पऱ्हाटीवर लाल्या रोग पडला होता, बोंडं अर्धी किडलेली, आणि जो काही कापूस हाती लागला त्याला धड भाव नव्हता. आज वाढंल, उद्या वाढंल म्हणून लोकांनी तो घरात भरून ठेवला. तांड्यावर एकही खोली मोकळी नव्हती. पार आढ्यापर्यंत कापूस, आणि माणसं ओसरीत. पोरांच्या अंगाला खाज, म्हाताऱ्यांना खोकला. दार उघडलं की पांढरा ढीग दारातून बाहेर डोकवायचा. अशा तांड्यावर रिकामी खोली एकच होती, आणि ती धम्मरत्न बांधत होता.

तांड्याच्या वरच्या अंगाला बरड होतं. खडकाळ, गवतही धड न धरणारं. त्या बरडावर तांड्याची याडी होती. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. कमरेएवढा काळा पाषाण. ना त्याला डोळे, ना शेंदूर, ना वर झाड, ना खाली ओटा. वर्षातून एकदा सगळा तांडा तिथं जायचा, निखाऱ्यावर तूप-गुळाचा भोग चढवायचा आणि परत यायचा. रीत एवढी एकच, की आपली सावली तिच्यावर पडू द्यायची नाही. भोग चढवणारा माणूस ऊन पाहून बाजूला सरकत सरकत पुढं व्हायचा. पोरांना हे चालायला शिकतात तेव्हापासून माहीत असायचं.

मंदिराचं काढलं ते खेमसिंग नायकाच्या मुलानं, प्रेमनं. पोरगा कॉलेजात शिकलेला, मनानं चांगला, तांड्यासाठी धडपडणारा. शेजारच्या गावात कळसाचं देऊळ झालं होतं, तिथं सप्ताह बसायचे, पंगती उठायच्या, आणि आपली याडी मात्र ऊन-पावसात उघडी पडलेली, याची त्याला लाज वाटायची. दिग्रसकडचे एक महाराजही त्याला म्हणाले होते, ज्यांच्या देवाला घर नाही त्यांच्या घरात बरकत कुठून येणार? सलग तीन हंगाम वाया गेलेल्या माणसांना हे पटलं. खेमसिंग नायक नुसते "होऊ द्या" म्हणाले. याडीला न हलवता बरडावरच, तिच्याभोवती भिंती उभ्या राहिल्या.

धम्मरत्नला वाटलं होतं, म्हाताऱ्या बायका मोडता घालतील. तसं काही झालं नाही. नायकाची बायको, रामीबाई, सगळ्यांच्या आधी हो म्हणाली. पायाच्या दगडावर तिनंच पाणी घातलं. फक्त दाराची गोष्ट निघाली तेव्हा ती अडून बसली. प्रेमला जाळीचं दार हवं होतं, बाहेरून दर्शन व्हावं म्हणून. रामीबाईला सागाची भरीव फळी हवी होती.

"अन् कडी बाहेरून लावजा, मिस्तरी," ती म्हणाली. "आतून नको."

"आतून कोण लावते, माय? आत तं देव हाये."

रामीबाई वळली. ओढणी सारखी करत ती खाली उतरून गेली.

३

सावली आधी अतुलला दिसली.

पौषातली गोष्ट. बाहेर हवेत गारठा होता, आणि दोघं भाऊ गाभाऱ्यात गिलावा करत होते. मंदिराचं दार पूर्वेला. सकाळी उजेड दारातून आत यायचा आणि पाषाणाची सावली मागच्या भिंतीवर पडायची. त्यात नवल काही नव्हतं.

दुपार कलल्यावर अतुल थापी धुवायला बाहेर चालला होता. दाराजवळ तो थांबला. "दादा, हे पाह्य."

पाषाणाची सावली दाराच्या दिशेनं पडली होती.

धम्मरत्न परांचीवरून खाली उतरला. सावली चांगली ठसठशीत होती, कडा धारदार. दिव्याच्या उजेडात पडते तशी मऊ, पांगलेली नव्हती. उन्हात पडते तशी. दाराकडं सावली पडायची तर उजेड मागून यायला हवा. मागं भिंत होती. विटेची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली, त्याच्याच हातची. खिडकी नाही, झरोका नाही. वर छत, त्यावर सिमेंट मुरायला तराईचं पाणी कोंडलेलं.

तो बाहेर गेला. अंगणात मोजमापाला रोवलेली काठी होती. काठीची सावली आणि पाषाणाची सावली एकाच दिशेला पडली होती.

"भिंतीवरून उजेड उलटून येत असंल," तो म्हणाला. "वला गिलावा चमकते."

"हो," अतुल म्हणाला. "असंच असंल."

दोघांनी पुन्हा काम धरलं. धम्मरत्ननं पायातली चप्पल काढून ठेवली होती. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं, की पायाखालचा कोबा गरम आहे. बाहेर लोक शेकोटी करून बसले होते आणि इथं तळवे भाजत होते. त्याचंही कारण त्याला लगेच सापडलं. ताजं सिमेंट तापतं, कुणालाही विचारा. तो कोबा मात्र दिवाळीच्या आधीचा होता.

संध्याकाळी गाडीवर मागं बसलेल्या अतुलनं विचारलं, "दादा, आपली सावली कोणत्या बाजूनं पडत होती रे आत?"

धम्मरत्ननं ते पाहिलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी, आत गेल्यावर, त्यानं ते मुद्दामच पाहिलं नाही.

४

सिमेंट संपलं म्हणून एका दुपारी तो एकटाच आर्णीला गेला. अतुलला म्हणाला, कोपरा तेवढा घोटून ठेव. दुकानात खोळंबा झाला, आणि परत येईपर्यंत उन्हं उतरायला लागली होती.

मंदिराचं दार उघडं होतं. आतून थापीचा आवाज येत नव्हता. त्यानं खालूनच दोनदा हाक मारली. मग पोतं टेकवून तो आत गेला.

अतुल पाषाणासमोर मांडी घालून बसला होता. दाराकडं पाठ. उजव्या हातात थापी. बाजूच्या घमेल्यातला माल दगडासारखा आवळून गेला होता, आणि थापीवरचाही. म्हणजे माल कालवल्यापासून थापी एकदाही भिंतीला लागली नव्हती.

"अतुल."

पाठ हलली नाही. धम्मरत्नला वाटलं, पोरगा झोपला. तो पुढं झाला, आणि तेव्हा त्याला पहिल्यांदा एक गोष्ट खटकली. दारापासून अतुल हाताच्या अंतरावर दिसत होता. गाभारा तो केवढा! तरी त्याच्यापर्यंत पोचायला त्याला चालावं लागलं. लोक वावरात चालतात तसं. किती, ते त्याला पुढं कधी सांगता आलं नाही. चालताना कपाळावर घाम आला, एवढं मात्र आठवत होतं.

खांद्याला धरून त्यानं भावाला हलवलं. अतुलनं वर पाहिलं. डोळे बारीक केलेले, उन्हात करतो तसे.

"आलास बी? आताच तं बसलो मी, दादा. म्हटलं पाठ टेकवावं."

"पाठ कायले टेकली रे? मधातच बसला हायेस तू."

अतुलनं आजूबाजूला पाहिलं. मग हातातल्या थापीकडं. तो उठला.

बाहेरच्या उजेडात धम्मरत्नला त्याची मान दिसली. लालबुंद झाली होती. कान, गाल, कपाळ, सगळं भाजल्यासारखं. वैशाखात दिवसभर वखर धरल्यावर माणूस दिसतो, तसा तो पौषातल्या त्या संध्याकाळी दिसत होता. घरी रूपालीनं, अतुलच्या बायकोनं, मानेला खोबरेल लावलं. दोन-चार दिवसांनी तिथलं कातडं पापुद्र्यांनी निघायला लागलं.

५

"सिमेंटची वाफ लागली त्याले," धम्मरत्ननं घरी सांगितलं. दीपाला, त्याच्या बायकोला, ते पटलं. आईला पटलं नाही.

मथुराबाई अंगणात लसूण सोलत बसली होती. वय झालं होतं, पण कान शाबूत. "कोणाचं मंदिर म्हनतं थे?"

त्यानं सांगितलं. बरडावरच्या पाषाणाचं, सावलीच्या रितीचं. मथुराबाई पाकळ्या सोलत राहिली.

"आमच्या बी घरी होते," ती म्हणाली. "तू कोठचा पाहाशीन, तू झाला बी नव्हतास. दीक्षा घेतली त्या साली आमच्या मोठ्या बापानं सारे देव टोपल्यात भरले. वावरातला गोटा बी उपटून आणला. नेऊन सोडले अरुणावतीत."

"मालूम हाये, आई. कितीदा सांगतलं तू."

"मी पोट्टी होतो. टोपल्यामांगं पळत गेलतो. मले लय भेव वाटत होतं, का हे रातच्याले वापस येतात का काय. नाही आले. कधीच नाही आले." तिनं सालं फुंकून उडवली. "नदी वाहती होती नं, बापा. आमी त्याहीले मोकळं सोडलं होतं. कोंडलं नव्हतं."

"आई, तू देव मानतेस काय आता?"

"मी कायले मानू?" मथुराबाई म्हणाली. "मी तं लसूण सोलून राह्यलो."

६

काम संपत आलं होतं. रंग, दार, एवढंच बाकी. दोन्ही आटोपून धम्मरत्ननं किल्ली प्रेमच्या हातात दिली आणि तांड्याकडं पुन्हा फिरकायचं नाही असं ठरवलं. माघी पौर्णिमेला पूजा होती. दिग्रसचे महाराज येणार होते, सगळा तांडा गाभाऱ्यात बसून जप करणार होता. प्रेमनं त्याला आग्रहाचं आमंत्रण दिलं. "या बरं, मिस्तरी. तुमचं बी काम हाये हे." त्यानं हो म्हटलं, जायचं नाही हे मनाशी पक्कं करून.

पूजेला थोडे दिवस उरले असताना एका दुपारी रामीबाई त्याच्या दारात उभी राहिली. टेम्पोतून आली होती, एकटीच. दीपानं चहा ठेवला, तिनं घेतला नाही.

"मिस्तरी, थे फोडून टाका," ती म्हणाली.

"काय फोडू, माय?"

"वरचं. छत."

धम्मरत्न तिच्याकडं पाहतच राहिला. "तुमीच तं सगळ्यात आंधी हो म्हनलं होतं."

"म्हनलं होतं." तिच्या हातातल्या हस्तिदंती दिसणाऱ्या बांगड्या, बलोयं, खळखळल्या. "मले वाटलं, डोक्यावर छत आलं का थे बी आपल्यासारखी होईन. चूल, दार, घर. बाईमाणसासारखी. इतक्या वर्षांत तिनं आमच्याकडं कधी पाह्यलंच नाही, मिस्तरी. ऊन कोणाकडं पाहाते काय? थे तं साऱ्याहीवर पडते. मले वाटलं, घर देल्लं का पाहीन."

"मंग?"

"मंग पाहून राह्यली."

आत दीपानं भांडं ठेवल्याचा आवाज झाला. रामीबाई ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती.

"काल दार झाडाले गेलतो मी. आत माणसं बसली होती."

"कोण माणसं?"

"तोंड नाही दिसलं. पाठी दिसल्या." तिनं टोक बोटाला गुंडाळलं. "एक पाठ वळखली मी."

कोणाची, ते तिनं सांगितलं नाही, आणि धम्मरत्ननंही विचारलं नाही. विचारायचं त्याच्या तोंडापर्यंत आलं होतं.

"प्रेमले सांगतलं?"

"थो रोजच जाते आत. म्हनते काहीच नाही, आई, तुले भास होतात. पण त्याची मान पाह्यली काय तुमी?" तिनं स्वतःच्या मानेवरून हात फिरवला. "पूजेच्या दिवशी सारे आत जातीन. लेकरं बी, बाया बी. प्रेम म्हनते, एवढ्याशा जागेत मावत नाही सारे, अर्धे बाहेर बसवू. मिस्तरी, तुमाले मालूम हाये. त्या खोलीत कितीक बी मावतात."

७

रविवारी आर्णीचा बाजार. तांड्यावर माणूस उरत नाही. रामीबाईनं नवऱ्याला आणि प्रेमला महाराजांच्या भेटीला दिग्रसला धाडलं होतं. धम्मरत्न सकाळीच घण आणि छिन्नी घेऊन निघाला. अतुलला तो नेणार नव्हता. पण तो आधीच गाडीवर मागं बसला होता.

"शिडी कोण धरंल तुही?" तो म्हणाला.

"आत पाय ठेवाचा नाही. कबूल?"

"कबूल, दादा."

दाराला बाहेरून कडी होती. त्यांनी ती उघडलीच नाही. शिडी लावून धम्मरत्न स्लॅबवर चढला. वरून सगळा तांडा दिसत होता, ओसरीतली रिकामी अंथरुणं, दारादारातून डोकावणारा कापूस. हवा गार, आकाश स्वच्छ. स्वतःच्या हातानं ओतलेलं छत फोडायला माणसाचा हात उचलत नाही. त्यानं थोडा वेळ नुसता घणाच्या दांड्याला तेल लावावं तसा हात फिरवला. मग मधोमध, खाली जिथं पाषाण असावा असा अंदाज होता तिथं, पहिला घाव घातला.

माल चांगला होता. बराच वेळ नुसत्या ठिणग्या उडाल्या. मग कपच्या निघायला लागल्या, सळ्या उघड्या पडल्या, आणि एका घावासरशी सळ्यांच्या मधला तुकडा खाली गेला.

तो तुकडा पडल्याचा आवाज आला नाही.

धम्मरत्न थांबला. कान देऊन उभा राहिला. नारळाएवढा तुकडा होता, खाली पक्का कोबा होता. आता येईल, आता येईल म्हणून तो वाट पाहत राहिला. आवाज आला नाहीच. उलट त्या भोकातून वर ऊन आलं. खालून वर. त्याच्या हनुवटीवर, नाकाच्या खालच्या बाजूवर ते ऊब होऊन पडलं.

पाहू नये, हे त्याला कळत होतं. पण मिस्त्री माणूस. आपण बांधलेल्या खोलीत काय आहे ते न पाहता तो कसा राहील? तो गुडघ्यावर बसला आणि वाकला.

खाली बरड होतं. खोल, फार खोल, विहिरीच्या काठावरून पाहावं त्याच्याही कितीतरी पलीकडं. तांडा नाही, रस्ता नाही, विजेचा खांब नाही. नुसतं बरड, नजर पोचेल तिथवर, आणि त्याच्यावर पांढरं फटक ऊन. मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा एक काळा ठिपका. त्याच्याभोवती माणसं बसलेली. दाटीवाटीनं, गोल, रांगांमागं रांगा. फेटे दिसत होते, ओढण्या दिसत होत्या, उघडी डोकी दिसत होती. कुणी हलत नव्हतं. एवढ्या माणसांची मिळून एकही सावली नव्हती.

एवढ्या खोलवरची माणसं ओळखू येणं शक्य नव्हतं. तरी त्यानं एक शर्ट ओळखला. निळा, खांद्यावर डिस्टेंपरचा डाग पडलेला. तो डाग पडला त्या दिवशी त्यानंच शिव्या दिल्या होत्या.

मग कडेच्या एका माणसानं मान वर केली. त्याच्या शेजारच्यानं केली. वारा पिकातून जातो तशी ती मान वर करण्याची लाट रांगेरांगेतून आत यायला लागली, निळ्या शर्टाच्या दिशेनं.

"दादा!" शिडीखालून अतुलनं हाक मारली. "काय दिसते रे?"

धम्मरत्ननं डोळे मिटून घेतले.

"काही नाही," तो म्हणाला.

डोळे मिटूनच त्यानं घण उचलला. हाताला फोड आले, फोड फुटले, तरी तो घाव घालत राहिला. किती वेळानं कोण जाणे, एक मोठा तुकडा खाली गेला आणि या वेळी धाडकन आवाज झाला. कोब्यावर सिमेंट आदळल्याचा, ओळखीचा, साधा आवाज. चार भिंतींतून तो घुमून वर आला. तेव्हा कुठं त्यानं डोळे उघडले. खाली खोली होती. मलब्यात अर्धा बुडालेला पाषाण होता, आणि त्याच्यावर वरून, नीट, पौष-माघातलं मऊ ऊन पडलं होतं.

अतुल शिडी धरून उभा होता. निळा शर्ट, खांद्यावर डाग. "झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. चाल घरी."

८

प्रेम चिडला, आणि चिडणं रास्त होतं. तो तांड्यातली चार माणसं घेऊन आर्णीला आला, बोलू नये ते बोलला. धम्मरत्ननं ऐकून घेतलं. रामीबाई मध्ये पडली, छत मीच फोडायला लावलं म्हणाली, म्हणून प्रकरण वाढलं नाही. उरलेला स्लॅब तांड्यातल्या माणसांनीच काढून टाकला. भिंती तशाच राहिल्या, बिनछताच्या. पौर्णिमेला महाराज आले नाहीत. तांड्यानं भिंतींच्या आत निखारे पेटवून भोग चढवला, सावली सांभाळत, आणि सगळे परत आले. कापूस पुढं पडेल त्या भावानं गेला आणि घरं मोकळी झाली. प्रेमच्या मानेचं कातडंही नवं आलं म्हणे.

धम्मरत्नच्या घरी सगळं सुरळीत होतं. अतुल कामावर यायचा, जेवायचा, पोरीला खांद्यावर घेऊन गल्लीत फिरायचा. पूर्वीसारखाच हसायचा. धम्मरत्न त्याच्याकडं फार वेळ पाहायचा नाही, इतकंच. आपण त्या दिवशी उन्हात होतो, उपाशी होतो, घण चालवून डोळ्यांपुढं अंधारी आली असेल, अशी समजूत त्यानं घालून घेतली होती, आणि ती बऱ्यापैकी बसलीही होती.

फाल्गुनातल्या एका दुपारी दोघं भाऊ जेवायला घरी आले. दीपा आईला घेऊन दवाखान्यात गेली होती. अतुल आत पाटावर बसला. धम्मरत्न ओसरीत हात धूत होता. रूपाली पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, पण तांब्या तिनं दिला नाही. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती दाराआड उभी राहिली. थोरल्या दिराशी ती सहसा बोलायची नाही.

"भाऊ, एक विचारू काय?"

"विचार नं, बाई."

"त्या दिवशी, थे छत फोडलं तवा…" तिचा आवाज अगदी बारीक झाला. "तुमी घरी कोणाले घेऊन आले?"

धम्मरत्नच्या हातावरून पाणी ओघळत राहिलं. "कोणाले म्हंजे? अतुलले."

"मंग मले रोज दुपारी मांगच्या गल्लीतून हाक कोण मारते?"

तो काहीतरी बोलणार होता. समजुतीचं, मोठ्या माणसानं बोलावं तसं. तेवढ्यात घराच्या मागून, उन्हात तापलेल्या गल्लीच्या पार तिकडच्या टोकाकडून आवाज आला.

"दादाऽऽ…"

थकलेला आवाज होता. फार वेळ उन्हात बसलेल्या माणसाचा. लहानपणी वावरातून मागं राहिलेला अतुल अशीच हाक मारायचा, आणि धम्मरत्न न चुकता थांबून ओ द्यायचा. आताही त्याचं तोंड उघडलं.

खांद्यावर एक हात पडला. पाटावरून उठून अतुल त्याच्या पाठीशी येऊन उभा होता. हाताला भाजीचा वास होता, आणि हात गरम होता.

"ओ देऊ नको, दादा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "ओ देल्ली का थो त्या बरडावरून उठते."

मग रूपालीच्या हातातला तांब्या घेऊन तो आत गेला आणि भाकर मोडायला बसला.